चिनी पद्धतीचा पौष्टिक आहार: शाकाहारी घरात, गोळ्या चालू असताना काय करता येईल?

तांपिनीसची_जुई

नमस्कार मंडळी. आई पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला आली आहे. मध्यंतरी तिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. आता ती दवाखान्यातून घरी आली आहे, रक्त पातळ राहावं म्हणून वॉर्फरिन चालू आहे. धोका टळलाय, पण अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही, पाय गार पडतात.

समोरच्या दारातल्या कॅन्टोनीज आंटी आईला रोज बघून जातात. त्यांचं ठाम मत आहे की आईचं रक्त आणि 'छी' (चिनी वैद्यकातली प्राणशक्ती) दोन्ही उणं झालंय, सूप पाजलंच पाहिजे. काल त्यांनी चिनी औषधांच्या दुकानातून एक पुडी बांधून आणली. त्यात सुरकुतलेली मोठी लाल बोरं आहेत, गोजी आहे, सुकवलेलं लोंगान आहे, पिवळट रंगाच्या लांबट चपट्या काड्या आहेत आणि उग्र वासाच्या एका मुळाचे पातळ काप आहेत. त्या स्वतः हे सगळं कोंबडीबरोबर तीन-तीन तास शिजवतात. आई अंडंही खात नाही.

त्यांचा जीव तुटतो म्हणून त्या करताहेत आणि मला ते नुसतं 'हो हो' म्हणून ठेवून द्यायचं नाही. या पदार्थांमागचा विचार काय आहे, त्यातलं आईला काय चालेल आणि शाकाहारात ते कसं बसवायचं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

खादाड_बोका

त्या कापांना सेलरीसारखा वास येत असेल तर ती दांग-ग्वेई. पिवळ्या काड्या म्हणजे ह्वांग-छी. पुढचं जाणकार सांगतील, मी पाट मांडून बसलोय.

रक्तगट_ओ

जुईताई, मी डॉक्टर आहे, म्हणून सगळ्यात आधी हे लिहितोय: पुडी आज उकळू नका.

वॉर्फरिन हे फार नाजूक औषध आहे. डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी रक्त जास्त पातळ होतं किंवा पुन्हा गुठळी धरते, म्हणून तर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या मापाची) तपासणी सारखी करायला लावतात. दांग-ग्वेई वॉर्फरिनचा परिणाम वाढवते हे नोंदलं गेलेलं आहे. गोजीचा चहा किंवा काढा घेणाऱ्या रुग्णांचा आयएनआर एकदम चढल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणजे त्या पुडीतल्या किमान दोन वस्तू आईंसाठी आत्ता वर्ज्य समजा.

आणखी एक. चिनी जेवणात काळी कानबुरशी सर्रास असते. ती घातलेला झणझणीत टोफू खाल्ल्यावर रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत, असं अमेरिकेतल्या एका रक्ततज्ज्ञाने १९८० साली प्रसिद्ध केलं होतं. निरोगी माणसाचं त्याने काही बिघडत नाही, वॉर्फरिनवरच्या माणसाने विचारून खावी. पालेभाज्यांचं उलट: त्यातल्या के जीवनसत्त्वाने वॉर्फरिनचा जोर कमी होतो. पालेभाजी बंद करू नका, पण आठवडाभर नाही आणि मग एक दिवस परातभर, असंही करू नका.

पुडीतल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून आईंच्या डॉक्टरांना दाखवा. सिंगापुरातल्या डॉक्टरांना हा प्रश्न रोजचा आहे, ते हसणार नाहीत.

तांपिनीसची_जुई

धन्यवाद डॉक्टर. वास सेलरीचाच आहे. पुडी बाजूला ठेवली. परवा तपासणीला जायचंय तेव्हा फोटो दाखवते. तोवर बाकीच्यांनी या विचारपद्धतीबद्दल लिहा, मला आंटींशी नीट बोलता यायला हवं.

तैपेई_ते_ठाणे

मी नोकरीनिमित्त तैवानमध्ये राहून आलोय, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे 'पौष्टिक' म्हटलं की ते सगळ्यांनाच पौष्टिक असतं. चिनी वैद्यकात पहिला प्रश्न असतो, कोणाला? त्यांच्याकडे पूरक आहाराचे ढोबळमानाने चार गट: छी वाढवणारं, रक्त वाढवणारं, यिन वाढवणारं, यांग वाढवणारं. हातपाय गार, रंग उतरलेला, आवाज दबका, अशा माणसाला मटण, सुंठ, दालचिनी, अक्रोड. ज्याचा घसा कोरडा, झोप तुटक, संध्याकाळी तळहात-तळपाय तापतात, त्याला पेअर, लिलीचे कंद, पांढरी कानबुरशी. पहिल्याचं खाणं दुसऱ्याला दिलं तर त्याचं तोंड येईल. शिवाय प्रत्येक पदार्थाला उष्ण, कोमट, थंडसर, थंड किंवा सम असा स्वभाव आणि तिखट, गोड, आंबट, कडू, खारट अशा पाच चवी. प्रत्येक चव एकेका अवयवाकडे जाते असं ते मानतात. गोड चव प्लीहेकडे, आणि त्यांची 'प्लीहा' म्हणजे जवळजवळ सगळं पचनच.

मग ऋतू. मोठं पौष्टिक खाणं थंडीत. हिवाळ्यात नीट खाल्लं तर वसंतात वाघाला लोळवाल, अशा अर्थाची म्हण तिथे आजही घरोघरी ऐकू येते. तैपेईत थंडी पडली की तिळाच्या तेलात आलं परतून त्यात तांदळाची दारू आणि कोंबडी घालून केलेल्या रश्श्याचा वास गल्लीगल्लीत सुटतो.

तिथल्या दीह्वा रस्त्यावर जुनी दुकानं आहेत, एकदा जाऊन बघावीत अशी. मागची अख्खी भिंत छोट्या लाकडी खणांची. दुकानदार चिठ्ठी बघतो, शिडी न घेता हात वर करून नेमका खण ओढतो, चिमूट काढून हातातल्या बारक्या दांडीच्या तराजूवर टाकतो. समोर कागद पसरलेले असतात, जितक्या दिवसांची मात्रा तितके. प्रत्येक कागदावर तो ढिगात ढीग रचत जातो आणि शेवटी दोरा न लावता अशी घडी घालतो की पुडी झटकली तरी उघडत नाही. तो तुम्हाला विचारल्याशिवाय काही देत नाही. पोट कसं आहे, झोप कशी आहे, सर्दी आहे का. सर्दी असेल तर म्हणेल, आधी बरे व्हा आणि मग या. बाहेरचा रोग अंगात असताना पौष्टिक दिलं तर रोगच पोसला जातो, असं त्यांचं पक्कं गणित आहे.

म्हणून जुईताई, आंटींना विचारा की त्यांनी ही पुडी दुकानदाराला आईंची सगळी माहिती सांगून बांधून घेतली का. घरचं नेहमीचं सूप समजून आणली असेल तर ती मुळात आईंसाठी नाहीच.

पथ्यकर

वरचा प्रतिसाद उत्तम. मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. यातला 'सर्दीत पौष्टिक नको' हा नियम वाचून बरं वाटलं, आमच्याकडेही आम (नीट न पचलेला दोष) असताना बृंहण (पोषण वाढवणारे उपचार) करत नाहीत.

चिनी वैद्यांचं अजून एक सूत्र आहे: फार अशक्त माणसाला जड पौष्टिक सोसत नाही. आधी पोट सावरायचं. त्यासाठी त्यांच्याकडे पेज आहे. तांदूळ भरपूर पाण्यात, मंद आचेवर, दाणा फुटून पाणी आणि दाणा एकजीव होईपर्यंत. आजारातून उठलेल्याला पहिले काही दिवस तेवढंच. आमच्या संसर्जन क्रमात, म्हणजे आहार हळूहळू वाढवण्याच्या पद्धतीत, पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज) यांचं तेच काम. आईंना तोंडाला चव नाही म्हणताय, तर सूपाआधी पेज.

देवाणघेवाणही जुनी आहे. आपला हिरडा तिकडे हरीतकी या संस्कृत नावाचाच उच्चार घेऊन गेला आणि चिनी औषधांत कायमचा बसला. सातव्या शतकात नालंदेत राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने भारतातल्या वैद्यकाबद्दल लिहून ठेवलंय. आजारात आधी लंघन करायची इथली पद्धत त्याला फार पटली होती.

शंकासुर

माहिती छान, पण मूळ मुद्द्यावर कोणी बोलत नाहीये. छी मोजता येत नाही, 'रक्त उणं' म्हणजे हिमोग्लोबिन कमी नव्हे, आणि लाल बोरं रक्त वाढवतात हे केवळ ती लाल आहेत म्हणून. सुक्या बोरांत लोह फार नसतं. आईंना अशक्तपणा असेल तर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासा. शाकाहारी ज्येष्ठांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे.

'नैसर्गिक आहे, त्रास होणार नाही' हा समज तर सर्वांत घातक. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नावाने जवळची दुसरीच वनस्पती गेली. तिच्यात अरिस्टोलोकिक आम्ल होतं. कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली.

बीजिंगचा_पाहुणा

शंकासुर, बी-१२ बद्दल पूर्ण सहमत. पण अख्खी परंपरा रंगावरून ठरली असं म्हणणं अन्यायाचं आहे. तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते आर्टेमिसिनिनसाठी. चौथ्या शतकातल्या गे होंगने लिहून ठेवलं होतं की छिंग-हाओची मूठभर पानं पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळावा असं तो म्हणत नाही. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि मलेरियावरचं औषध हाती आलं. निरीक्षण खरं होतं.

आहाराच्या बाबतीत तर चीनमध्ये हा विचार फार जुना. चौ राजवटीच्या दरबाराचं जे वर्णन ग्रंथात आहे त्यात वैद्यांचे चार प्रकार येतात आणि पहिला मान आहारवैद्याचा. तांग काळातल्या सुन सिमिआओचा आग्रह होता की वैद्याने आधी रोगाचं मूळ ओळखावं, मग अन्नाने उपचार करावा, अन्नाने भागलं नाही तरच औषध. १३३० मध्ये मंगोल सम्राटाच्या दरबारात हू सिह्वेई या आहारतज्ज्ञाने पाककृतींचा मोठा ग्रंथ सादर केला. त्यात मटण आणि काबुली चणे घातलेले रस्से आहेत, मध्य आशियाची चव थेट बीजिंगच्या राजवाड्यात.

आणि या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी कृती म्हणजे हान काळाच्या अखेरीस होऊन गेलेल्या चांग चुंगचिंगची. मटण एक चिन, आलं पाच लिआंग, दांग-ग्वेई तीन लिआंग (चिन आणि लिआंग ही जुनी चिनी वजनं). बस. थंडीने पोटात कळ येणाऱ्याला आणि बाळंतिणीच्या पोटदुखीला. जवळपास अठराशे वर्षं झाली, बीजिंगच्या हिवाळ्यात लोक अजून हेच सूप करतात. मी तिथे शिकत असताना आमच्या वसतिगृहाच्या मावशी पहिला बर्फ पडला की करायच्या. आल्याचा झटका आधी, मग मटणाची गोडी आणि सगळ्यात शेवटी त्या मुळाचा कडसर सुगंध घशात राहतो.

रंकाळ्याचा_राजा

मटण, आलं आणि मंद आच. चांग वैद्य कोल्हापूरला आले असते तर पांढरा रस्सा पिऊन इथेच दवाखाना टाकला असता!

खादाड_बोका

आणि रुग्ण बरे झाल्यावरही रोज रांगेत उभे राहिले असते.

शंकासुर

आर्टेमिसिनिनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. हजारो नोंदींतून एक निवडली, रेणू वेगळा काढला, चाचण्या केल्या, मग औषध म्हटलं. गोजी आणि लोंगानच्या बाबतीत ते झालेलं नाही.

तैपेई_ते_ठाणे

शंकासुर, औषध म्हणून दावा असेल तर तुमची कसोटी लागू, मान्य. पण आंटी कर्करोग बरा करायला निघालेल्या नाहीत. आजारी माणसाला गरम, मऊ, सहज पचणारं काहीतरी रोज कोणीतरी आपुलकीने करून देतं, याला चाचणी कशाला हवी? औषधाशी भांडण होणार नाही एवढं बघायचं, आणि ते डॉक्टरांनी सांगितलंच आहे.

पेनांगची_पाहुणी

बाळंतिणीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझी धाकटी पेनांगला झाली. तिथल्या चिनी घरांत बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, गार पाणी नाही, गार वारा नाही, केसही न धुणाऱ्या असतात. आपला सव्वा महिना आठवला. साध्या पाण्याऐवजी दिवसभर लाल बोरं आणि लोंगानचा कोमट चहा. कॅन्टोनीज घरांत तर बाळंतपणाच्या आधीच मोठ्या मातीच्या भांड्यात आलं, डुकराचे पाय आणि काळं गोड व्हिनेगर शिजवून मुरत ठेवतात आणि त्यात उकडलेली अंडी सोडतात. मूल झाल्यावर तेच वाटतात. उत्तर चीनमधली माझी मैत्रीण मात्र वेगळंच सांगायची: त्यांच्याकडे राळ्याची पेज, लाल साखर घालून. हो, आपला राळाच! उत्तर चीनचं ते हजारो वर्षांचं धान्य आहे.

सासूबाईंनी डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर केली होती. शेजारच्या आजींनी लाडू खाऊन पाहिला, डिंक म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि 'उष्ण आहे, योग्य आहे' असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या सुनेसाठी दोन मागून नेले.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. बाळाला किंवा बाळंतिणीला ह्वांग-लिएन ही कडू मुळी देऊ नका. जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्या बाळांना तिच्यातल्या बर्बेरीनमुळे कावीळ वाढण्याचा धोका म्हणून सिंगापूरने १९७८ मध्ये बर्बेरीनवर बंदी घातली होती. नंतर ती उठली, पण अशा बाळांबद्दलची काळजी कायम आहे.

घोडेगावकर

पौष्टिकच्या नावाखाली जनावरांचं काय होतं तेही इथे यायला हवं. अ-च्याओ हे रक्तवर्धक म्हणून खपणारं औषध गाढवाच्या कातडीपासून करतात. शानतुंग प्रांतातलं तोंग-अ हे त्याचं जुनं गाव. पूर्वी ते राजघराण्याचं औषध होतं, आता मध्यमवर्ग घेतो. चीनमधली गाढवं पुरेनाशी झाली तशी आफ्रिकेतली गाढवं चोरून मारली जाऊ लागली. ज्या बाईचं पाणी आणि सरपण गाढवावर यायचं तिच्या डोक्यावर ते ओझं आलं. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातडीसाठी गाढवं मारण्यावर खंडभर बंदी जाहीर केली. मला या गोष्टीची फार चीड आहे, म्हणून लिहिलं. जुईताई, आंटींनी चॉकलेटी वडी आणली तर नम्रपणे नाही म्हणा. शाकाहारीला ती तशीही नाहीच चालणार.

पिंडारीचा_वाटाड्या

घोडेगावकर, +१. हिमालयातही तेच चाललंय. कीडाजडी, म्हणजे एका पतंगाच्या अळीवर उगवणारी बुरशी, चिनी बाजारात सोन्याच्या तोलाने जाते. पिथोरागडकडची गावंच्या गावं उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरच्या बुग्याळांवर तंबू ठोकतात, माणसं ओणवी होऊन, नाक गवताला लावून एकेक काडी शोधतात. त्या पैशावर घरं उभी राहिली हेही खरं, पण कुरणं खोदून चाळण झाली आहेत. सूपात घालायला दुसरं काहीच नाही का?

वडाची_साल

आहे की, भरपूर आहे, आणि बरंचसं आपल्या ओळखीचं. वनस्पती हा माझा विषय, त्यामुळे जुईताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते.

लाल बोरं ही आपल्या बोराच्या कुळातलीच, जात वेगळी. युनानीत त्यांना उन्नाब म्हणतात, पुण्या-मुंबईत काष्ठौषधींच्या दुकानात सुकलेली मिळतात. शान-याओ हा कंद आपल्या कोनफळाचा भाऊबंद. चीनमध्ये होनान प्रांतातला त्याचा लांब बारीक प्रकार नावाजलेला आहे. छिएन-श म्हणजे चक्क मखाणा! आपल्याकडे मिथिलेत तो भाजून, फोडून लाह्या करतात. तिकडे बी न फोडता, सुकवून, भरडून सूपात घालतात. कमळाची बी आपल्याकडे कमळगट्टा म्हणून पूजेच्या दुकानात असते. खायला घेताना सोललेली घ्या आणि मधला हिरवा कोंब काढून टाका, फार कडू असतो. राळा वर आलाच आहे. काळे तीळ आणि अक्रोड तर घरातच असतात.

तैवानमध्ये शान-याओ, मखाणा, कमळबी आणि फू-लिंग अशा चार वस्तूंचं सूप पोटासाठी फार प्रिय आहे. फू-लिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी पांढरी कठीण बुरशी. मूळ सूप डुकराच्या आतड्यांत होतं. पण तांदूळ आणि या वस्तू घेऊन पेज केली तर ती तितकीच जमते.

पथ्यकर

वडाची_साल, उत्तम. यातल्या बहुतेक वस्तू किंचित स्तंभन करणाऱ्या, म्हणजे मळ बांधणाऱ्या आहेत. आईंना बद्धकोष्ठता असेल तर कमळबी आणि मखाणा कमी, राळा जास्त.

ताओयुआनचं_ताक

शाकाहाराची काळजी करू नका. चिनी बौद्ध शाकाहार हा आपल्यापेक्षा कडक असतो. कांदा, लसूण, पात, सगळं वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासऱ्यांना तैवानच्या शाकाहारी खानावळीत जितकं निर्धास्त जेवता आलं तितकं मुंबईच्या हॉटेलात नाही आलं. अशा घरांत कोंबडीऐवजी शिताके (सुकवलेल्या अळंब्या), गाजर, मका आणि भिजवलेलं सोयाबीन यांचं पाणी काढतात. शिताके आदल्या रात्री फ्रिजमध्ये गार पाण्यात भिजवायचे, ते पाणी फेकायचं नाही, सगळी चव त्यात.

माझी आवडती कृती पांढऱ्या कानबुरशीची. एक सुकं फूल घ्या, जेमतेम मुठीएवढं. तासा-दोन तासांत पाण्यात ते पातेलं भरेल इतकं फुलतं. खालचा पिवळा टणक देठ कात्रीने काढायचा, उरलेलं हाताने जितकं बारीक तोडाल तितकं बरं. कमळबी घालून मंद आचेवर दीड-दोन तास. सुरुवातीला पाणी आणि बुरशी वेगवेगळी दिसतात, मग एका क्षणी चमच्यावरून धार न तुटता उतरायला लागते. तेव्हा खडीसाखर आणि दोन लाल बोरं. आधी साखर घातलीत तर चिकटपणा सुटत नाही. बुरशी भिजवून दिवसभर ओट्यावर विसरू नका मात्र. उबदार हवेत फार वेळ भिजत राहिलेल्या कानबुरशीत घातक विष तयार होऊ शकतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

रक्तगट_ओ

कृती सुंदर आहे. जुईताई, पांढरी बुरशी काळीपेक्षा वेगळी जात आहे, तरी आईंच्या डॉक्टरांच्या यादीत तीही टाका. दुसरं, पुडीत ज्येष्ठमध असेल तर बघा. चिनी मिश्रणांत तो अगदी सर्रास घालतात, रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

उभा_कोकण

प्रश्न: लोंगान म्हणजे लिचीच ना? आमच्याकडे एका पाहुण्यांनी डबा आणलाय.

वडाची_साल

लिचीच्या कुळातलं, पण वेगळं फळ. सुकलं की मनुकेसारखं काळपट होतं. चिनी मते उष्ण, त्यामुळे तोंड आलेल्याने जपून. मधुमेह असेल तर डबा पाहुण्यांनाच परत वाढा.

तांपिनीसची_जुई

मंडळी, तपासणी झाली. डॉक्टरांनी सगळे फोटो नीट बघितले. दांग-ग्वेई आणि गोजी बंद, ह्वांग-छीही नको. ज्येष्ठमध पुडीत नव्हताच. लाल बोरं चवीपुरती चालतील. पेज, राळा, शान-याओ, कमळबी, मखाणा यांना हरकत नाही. पांढरी बुरशी सध्या थांबवा म्हणाले. शंकासुर, तुमचे खास आभार: बी-१२ तपासलं, खूपच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली आहेत.

मग आंटींकडे गेले. मनात धाकधूक होती. मी वॉर्फरिनचं नाव घेतलं मात्र, त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला. 'रक्त पातळ करायची गोळी आहे हे मला आधी का नाही सांगितलंस? मग दांग-ग्वेई कशी चालेल!' त्यांच्या नवऱ्यालाही हृदयाच्या ऑपरेशननंतर तीच गोळी होती. दुकानातल्या वैद्यालाही त्यांनी फक्त 'शेजारीण आजारातून उठली आहे' इतकंच सांगितलं होतं.

तैपेई_ते_ठाणे, तुमचं वाचून त्यांना विचारलं की मग आईला नेमकं काय द्यावं. त्या आईजवळ बसल्या, जीभ बघितली, हात हातात घेऊन गार आहेत का पाहिलं, पोटाचं विचारलं. मी दोघींमध्ये दुभाषी. निकाल असा: आधी पोट, रक्ताचं नंतर बघू. संध्याकाळी त्या शान-याओ घेऊन आल्या आणि दोघींनी मिळून माझ्या स्वयंपाकघरात राळ्याची पेज केली. आंटी ढवळत होत्या आणि आई मागून 'खाली लागेल गं' म्हणत होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईने वरून चमचाभर तूप आणि मीठ घातलं. आंटींना तूप फार आवडलं. आईने खूप दिवसांनी वाटी पुन्हा पुढे केली.

आता एक अडचण. तो कंद सोलल्यापासून माझ्या हातांना मरणाची खाज सुटली आहे. हे काय आहे आणि काय करू?

पेनांगची_पाहुणी

किती छान वाटलं वाचून! आईंना नमस्कार सांगा.

वडाची_साल

घाबरू नका, सालीजवळच्या चिकात बारीक सुयांसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, सुरण-अळवासारखेच. हाताला व्हिनेगर किंवा लिंबू चोळा, पंधरा मिनिटांत जाईल, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका. पुढच्या वेळी हातमोजे घालून सोला, किंवा सालीसकट वाफवून घ्या, मग साल आपोआप निघते आणि खाजही नाही. शिजल्यावर खायला काहीच त्रास नाही. सोललेले तुकडे लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात.

रंकाळ्याचा_राजा

राळा सिंगापुरात कुठे मिळाला ते लिहा, माझी बहीण तिथेच आहे.

तांपिनीसची_जुई

लिंबाने खाज गेली! राळा कुठल्याही सुपरमार्केटात चिनी धान्यांच्या रांगेत मिळतो, पिवळा बारीक दाणा. लिटल इंडियातही मिळतो, तिथे तमिळ नावाने तिनै म्हणून मागायचा.